एकवीस बोल्ट

लाखनीला भाड्याची खोली मिळावी म्हणून मला एका मोटारीच्या इंजिनाचे बोल्ट मोजावे लागले होते.

सत्तर साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. मी तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. हायवेला ट्रक थांबायचे, त्याच्या मागच्या आळीत एका धानवाल्याकडे अंगणातली खोली रिकामी आहे, असं शाळेच्या शिपायानं सांगितलं. "ते इचारतीन तेवढंच सांगा," असंही तो म्हणाला. घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही नाही. ते मला सरळ मागच्या कोठ्यात घेऊन गेले. तिथं एका बाजूला दोन म्हशी होत्या आणि दुसऱ्या बाजूला एक काळी, लांबलचक अमेरिकन मोटार. त्यांनी बोनेटची एक बाजू उचलली.

"मोजा," ते म्हणाले.

"काय मोजू?"

"बोल्ट. या बाजूच्या हेडवरचे."

हेड म्हणजे सिलिंडरांवरचं लोखंडी झाकण, हे मला त्या दिवशी कळलं. मी मोजले आणि वीस म्हणालो.

"गणिताचे न तुमी?"

"हो."

"मंग परत मोजा. सावकाश."

दुसऱ्या खेपेला एकवीस भरले. त्यांनी बोनेट बंद केलं आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. आधी खोली मागायला आलेला एकजण सतरा म्हणाला होता, त्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं.

गावात त्यांचं नाव 'एकवीस' होतं. त्यांचं खरं नाव फक्त सातबाऱ्यावर चालायचं. मी त्यांना काका म्हणत असे. धोतर, बंडी, पानानं लाल झालेले ओठ, आणि खिशात कायम एक टॉर्च. ही टॉर्च रात्रीसाठी नव्हती. भर दुपारी कुठल्याही उभ्या गाडीच्या पोटात डोकावून पाहायला ती लागायची. हायवेवर एखादा ट्रक बंद पडला की ड्रायव्हरच्या आधी काका इंजिनापाशी पोचलेले असत. ड्रायव्हरला वाटायचं, मिस्त्री आला. काका टॉर्च मारून पाहत, "चोवीस," असं म्हणत आणि घरी निघून येत.

त्यांची विद्या एवढीच होती. ती गाडी आठ सिलिंडरांची होती, चार इकडे, चार तिकडे. त्या जातीच्या इंजिनाचे दोन अवतार निघाले. पहिल्याच्या दर हेडला एकवीस बोल्ट, नंतरच्याला चोवीस. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मिलिटरीचे ट्रक लिलावात निघाले आणि आमच्या भागात लाकडं, बांबू नि मॅंगनीज वाहायला लागले, ते सगळे चोवीसवाले. काकांची गाडी त्याच्या कितीतरी आधीची, एका मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची. मालगुजारी गेल्यावर त्यानं ती विकली आणि काकांनी घेतली. आता हे चोवीसचं झाकण एकवीसच्या इंजिनावर बसत नाही, कारण भोकं जुळत नाहीत. काकांच्या गाडीचं डावं हेड तडकलेलं होतं. त्यांना एक हेड हवं होतं, एकवीस बोल्टांचं. लग्नाच्या वरातीपासून ते त्याच्या शोधात होते, आणि तेवढ्यात त्यांना दोन मुली आणि एक मुलगा झाला होता; माझ्या डोळ्यांदेखत मुलींची लग्नंही उरकली.

"बोल्ट मोजाचीबी गरज नाई गुरुजी," ते मला शिकवत. "एकवीसचा पाण्याचा पंप डोक्यावर रायते, चोवीसचा पोटात. दुरून पाह्यलं तरी समजते."

मला दुरून कधीच समजलं नाही. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. इंजिन खोलता येत नव्हतं. हातात पाना धरलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं, आणि तो त्यांनी खलबत्त्याचा बत्ता सापडेना म्हणून सुपारी फोडायला घेतला होता.

हळूहळू त्यांनी सगळं जगच या दोन खात्यांत वाटून टाकलं होतं. नवा तहसीलदार आला, चोवीस. संकरित धानाचं बियाणं आलं, चोवीस. थोरल्या मुलीसाठी पाहायला आलेला पहिला मुलगा तासभर छान बोलला, पोहे खाऊन गेला. काकूंनी विचारलं, "कसा वाटला?" काका म्हणाले, "चोवीस आहे, पण चालून जाईन." त्याच मुलाशी लग्न झालं आणि खरोखरच चाललं. मात्र कुणाला एकवीस म्हणताना मी त्यांना इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. एकदा धीर करून विचारलं, "काका, तुम्ही स्वतः?" ते म्हणाले, "मी तं डुप्लिकेट आहो."

त्यांच्यात एक मोठा दोष होता. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. शेजारच्या पाटलांनी बैल विकायला काढला. गिऱ्हाईक आलं. दोन शब्द चांगले बोला म्हणून पाटलांनी काकांना बोलावून घेतलं. काका म्हणाले, "बैल एक नंबर आहे. फक्त मागच्या डाव्या पायानं लंगडते, तेवढं सोडून द्या." गिऱ्हाइकानं तेवढं सोडलं नाही. पाटील पुढं कितीतरी दिवस काकांच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जात. काकांना याचं वाईट वाटायचं, पण आपलं काय चुकलं ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. "एक नंबर म्हनलंच होतं न मी," असं म्हणत राहायचे.

एका सुटीत ते मला तुमसरकडे घेऊन गेले. खाणींच्या बाजूच्या एका भंगारवाल्यानं निरोप धाडला होता की एकवीसचं हेड मिळालंय. वाटेत काकांनी एसटीत खिडकीशी बसून पानही खाल्लं नाही. भंगारवाल्यानं पोतं बाजूला केलं. हेड होतं. मी मोजलं, एवढ्या वर्षांत मला ते जमू लागलं होतं. बरोबर एकवीस भोकं. मला इतका आनंद झाला की मी काकांचा हातच धरला. काकांनी टॉर्च काढली, दोन क्षण पाहिलं आणि भंगारवाल्याला म्हणाले, "भाऊ, तीन भोकं मस्त बुजवले. हात साफ आहे तुया. पण अठी समोर पंप बसाची जागा कोठी आहे?"

भंगारवाला हसला, त्यानं आम्हाला चहा पाजला. काकांनीही चहा घेतला, त्याच्या कारागिरीची पुन्हा एकदा तारीफ केली. परतीच्या एसटीत मात्र ते डोळे मिटून बसले होते आणि झोपलेले नव्हते. एका लोखंडी झाकणापायी माणूस इतका खचतो हे मला तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं. ते सरळ सांगून टाकतो.

आता त्यांच्या सासुरवाडीकडे वळायला हवं, कारण सगळं दुखणं तिथं होतं.

काकूंचं माहेर अड्याळ. काकू दिवाळीला, तीजेला, भावांच्या अडीअडचणीला एसटीनं जात-येत. काका लग्नानंतर तिथं एकदाही गेले नव्हते. लग्न लावून आणताना ही गाडी वाटेत तलावाच्या पाळीवर बंद पडली आणि नवरानवरी बैलगाडीनं लाखनीला आली. मोटारही मागून बैल जुंपूनच आणली. अड्याळच्या लोकांनी त्यावर चिकार मजा केली. "जवायाच्या मोटरले चारा-पानी पुरते का?" असं ते अजून काकूंना विचारत. तेव्हापासून काकांचं एकच म्हणणं, अड्याळला जाईन तर याच गाडीनं जाईन. सगळे समजायचे की माणूस रुसलाय. सासूबाई मात्र रुसल्या नव्हत्या. जावयाला वाण देतात म्हणून दर अधिक महिन्यात त्या अनारशांचा डबा एसटीच्या कंडक्टरच्या हातून पाठवत. काका तो डबा दोन्ही हातांनी घेत आणि पहिला अनारसा गाडीच्या बोनेटवर ठेवत. तो नंतर म्हैस खायची.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. उन्हाळा होता. काकूंचे थोरले भाऊ अड्याळहून आले. चहाला हातही न लावता ते काकांना म्हणाले, "मायले आता दिसत नाई. अन्नबी कमी झालं. रोज इचारते, जवाई कवा येते. भाटवेजी, आतातरी चला. काय मनात धरून बसले इतके वर्षं?"

काका उठून कोठ्यात गेले. काकू कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी त्यांनी दारातूनच ऐकवलं, "तुमाले लोखंडाची माया आहे, मानसाची नाई. मायी माय मरून जाईन, मंग न्या गाडी फुलं घालून." आणि त्या पदर डोळ्याला लावून आत गेल्या.

मी कोठ्यात गेलो. काका बोनेट उघडून उभे होते.

"काका, एसटीनं जाऊ. मी येतो बरोबर."

"जाता येते. पण मामी इचारन, गाडी कोठी आहे? मंग मी काय सांगू?" सासूबाईंना ते मामी म्हणत.

"बिघडलीय म्हणा."

"काहून बिघडली म्हनन. मले खोटं बोलता येत नाई गुरुजी, तुमाले तं मालूम आहे."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी गाडीची पूजा केली होती. बोनेट उघडायला लावलं आणि हेडवरच्या एकेका बोल्टाला हळदकुंकू लावत मोजत गेल्या. एकवीस भरले. "गणपतीच्या दुर्वाएवढे," म्हणून हरखल्या. लोकांना बोलावून दाखवलं. संध्याकाळी पोरीला निरोप द्यायची वेळ आली. आपल्याकडं लेक सासरी निघाली की गाडीच्या चाकांवर आणि बैलांच्या पायांवर पाणी घालतात, वाट थंड जावी म्हणून. सासूबाईंनी चाकांवर घातलं. मग ड्रायव्हरला विचारलं, "याचे बैल कोठी आहेत?" मालगुजाराचा तो जुना ड्रायव्हर गमतीनं बोनेटवर हात मारून म्हणाला, "सारे याच्या आत आहेत बाई." परत सुरू होईल-न होईल म्हणून त्यानं इंजिन दुपारपासून चालूच ठेवलं होतं. कुणी काही म्हणायच्या आत सासूबाईंनी बोनेट उचललं आणि विहिरीच्या गार पाण्याची भरली घागर बैलांवर ओतली.

"टन्न वाजलं हेड," काका म्हणाले. "बेंडबाजा वाजून राह्यला होता, कोणाले ऐकू नाई आलं. मले आलं, ड्रायव्हरले आलं. तो माह्यापाशी पाहे, मी त्याच्यापाशी पाहो. मामी तं रडून राह्यली होती."

ड्रायव्हर मरून गेला होता. नवरी मान खाली घालून आत बसलेली, तिनं काही पाहिलं नव्हतं. आईनं मंगल म्हणून घातलेल्या पाण्यानं पोरीची वरात रस्त्यात अडली, ही गोष्ट आता जगात एकट्या काकांना ठाऊक होती आणि त्यांनी ती काकूंनाही सांगितलेली नव्हती. एकवीसचं हेड बसवायचं, गाडी जशी नेली तशी दारात आणून उभी करायची आणि म्हणायचं, पाहा मामी, काही झालं नाही. एवढ्यासाठी सगळी वणवण चालली होती. चोवीसचं अख्खं इंजिन या गाडीत बसतं, हे हायवेवरच्या मिस्त्रीनं त्यांना शंभरदा सांगितलं होतं. पण इंजिन बदललं तर सासूबाई पूजेला बोल्ट मोजणार, आणि आधीच्या इंजिनाला काय झालं ते विचारणार.

मी या माणसाला आठ-दहा वर्षं मनातल्या मनात हसत आलो होतो. मी म्हशीच्या अंगावरून हात फिरवत उभा राहिलो.

"माह्या साळ्यानं काय सांगतलं आता?" काकांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. "मामीले दिसत नाई म्हने."

"हो."

"मंग मोजन कशी?" म्हणाले आणि त्यांनी पायात चपला सरकवल्या.

मिस्त्रीनं लाकडं वाहणाऱ्या एका मोडीत निघालेल्या ट्रकचं चोवीसचं इंजिन काढलं आणि ठोकपीट करून काकांच्या गाडीत बसवलं. तो काम करत होता तेव्हा काका पाठ करून बसले होते. "याले गाडी नाई पायजे, देव पायजे," मिस्त्री मला म्हणाला. जुनं इंजिन कोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवलं आणि काकांनी त्यावर धुतलेली चादर घातली.

आम्ही सकाळीच निघालो. चालवायला मिस्त्री, शेजारी मी, मागं काका आणि काकू. काकांनी कोसा रेशमाचा फेटा बांधला होता. भंडाऱ्याहून पवनीच्या रस्त्याला लागलो, ती तलावाची पाळ आली तेव्हा काकूंनी हात जोडले आणि काकांनी दुसरीकडे पाहिलं. गाडी बंद पडली नाही. अड्याळला अर्धं गाव रस्त्यावर आलं होतं, कारण त्यांचा थट्टेचा जुना विषय स्वतःच्या चाकांवर चालत आला होता. सासूबाईंनी ओट्यावरून आवाज ओळखला. काकांच्या तोंडावरून हात फिरवला, "म्हातारे झाले जवाईबापू," म्हणाल्या आणि हात धरून आत घेऊन गेल्या. जेवताना त्यांनी त्यांना तीनदा वाढायला लावलं. मागच्या वर्षांचा एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. काका घास मोजून खात होते.

उन्हं कलायला लागली तशी मिस्त्रीनं आपल्या सवयीनं इंजिन आधीच चालू करून ठेवलं. आम्ही बाहेर आलो. सासूबाई सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला गडवा होता.

"चाकावर टाक वो माय," काकू म्हणाल्या.

"चाकावर टाकतो. मंग बैलाईवर. तवाबी टाकलं होतं."

काकांचा चेहरा मी पाहिला. ते मिस्त्रीला म्हणाले, "बंद कर."

"आता तं चालू केलं. निघाचं नाई का?"

"बंद कर. बोनेट उघड. थंडं होऊ दे."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. मग आम्ही सगळे तिथंच कडुनिंबाखाली बसून राहिलो. कुणाला काही कळत नव्हतं. मेहुणे दोनदा म्हणाले की अंधार पडेल. सासूबाई गडवा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "निघता का?" असं अधूनमधून विचारत होत्या आणि काका म्हणत होते, "निघतो न मामी. घाई काय आहे?" दर थोड्या वेळानं ते उठत, हेडला तळहात लावून पाहत आणि परत येऊन बसत. शेवटी त्यांनी तळहात लावला तो तसाच ठेवला, आणि सासूबाईंना हाताला धरून गाडीपाशी आणलं.

सासूबाईंनी गडवा काकांकडे दिला. बोटं हळदीकुंकवात बुडवली आणि हेडवर चाचपत एकेका बोल्टाला लावायला सुरुवात केली. ओठ हलत होते. काका खाली वाकून ते ओठ बघत होते. एकवीसला बोट थांबलं नाही. बावीस, तेवीस, चोवीस. त्यांनी मान वर केली.

"एकवीस होते न, जवाईबापू?"

काकांना खोटं बोलता येत नव्हतं.

"होते मामी," ते म्हणाले. "मंग आमाले तीन लेकरं झाले."

सासूबाईंनी मान डोलावली. गडवा परत मागून घेतला. आधी चाकांवर धार धरली, मग हेडवर. काकांनी त्यांचं मनगट धरलं होतं. पाणी हळदीकुंकू घेऊन खाली उतरलं. सासूबाई गडवा पालथा धरून तशाच उभ्या राहिल्या, मान एका बाजूला कलती करून, कान इंजिनाकडे देऊन. बराच वेळ.

"या खेपेले वाजलं नाई," त्या हळूच म्हणाल्या.

काकांच्या हातातून मनगट सुटलं. मग त्यांनी ते पुन्हा धरलं.

"नाई मामी," ते म्हणाले. "नाई वाजलं."

त्या बाईनंही तो आवाज ऐकला होता, आणि इतकी वर्षं कंडक्टरच्या हाती अनारसे पाठवत त्या वाट पाहत बसल्या होत्या. बाकीच्या कुणाला काही कळलं नाही. मिस्त्रीनं गाडी चालू केली. ती एका झटक्यात सुरू झाली.

परतताना तलावाची पाळ ओलांडेपर्यंत मागून काही आवाज नव्हता. मग काका म्हणाले, "गुरुजी, मामी एकवीस आहे."

काकूंनी विचारलं, "अन् मी वो?"

काका विचार करायला लागले. घाईनं उत्तर देणारा तो माणूसच नव्हता. पहिली वस्ती गेली, दुसरी गेली, भंडाऱ्याचे दिवे दिसायला लागले.

"तुले मी कवा मोजलंच नाई," ते म्हणाले.

काकूंनी पदर पुढं ओढून घेतला आणि मिस्त्रीला गाडी जरा हळू चालवायला सांगितलं.